हललेल्या फोटोतला बैल

उदगीरच्या गुणाबाई सूर्यवंशीचं नाव ज्यानं कुणी ठेवलं त्यानं जरा घाईच केली, असं तिची आई म्हणायची. आणखी चार वर्षं थांबून, पोरीचे गुण बघून नाव ठेवलं असतं, तर दुसरं काहीतरी सुचलं असतं.

छप्पन साली घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा गुणा सहा वर्षांची होती. बाप मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. पाठीवर पोतं असलं तरी वाकल्या मानेनं एकच गोष्ट सांगायचा, पोरीची शाळा चुकता कामा नये. त्याच्या हट्टानं ती सातवी झाली, आणि सतराव्या वर्षी शिवणवर्गाच्या सरकारी अर्जाला फोटो पाहिजे म्हणून सिद्रामप्पांच्या ‘नंदी फोटो स्टुडिओ’त जाऊन बसली.

सिद्रामप्पा म्हणजे गावाचे अप्पा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि पोट असं की माणूस दुकानात यायच्या आधी पोट आत येऊन बसलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी गुणा फोटो न्यायला आली. हातात घेतला, पालटून बघितला, परत समोरून बघितला.

“माजा तीळ कुटं हाय?”

“काढला की. फोटू साफ दिसतो.”

“कुणाला इचारून काढला? जिथला तिथं बसवा, न्हाईतर हा फोटू दुसरीचा हाय मनून परत घ्या.”

अप्पांना आजवर लोकांनी डाग काढा म्हणून सांगितलं होतं, बसवा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बारीक ब्रश तिच्यापुढे केला आणि म्हणाले, “घे, तूच बसव.” गुणानं हनुवटीच्या डाव्या अंगाला, हवा तिथं आणि हवा तेवढा तीळ बसवला. मग, ब्रश हातात होताच म्हणून, शेजारी पडलेल्या नवरदेवाच्या फोटोतली खाली घसरलेली भुवई दुसरीच्या बरोबरीला आणून ठेवली. अप्पांनी तो फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला. “उद्यापासून ये,” एवढंच म्हणाले. शिवणवर्ग राहिला तो राहिलाच.

पुढची वीस वर्षं ती त्या दुकानात होती. रोल धुवायचे, फोटो काढायचे म्हणजे कागदावर उतरवायचे, वाळवायचे, आणि ब्रशानं माणसं सुधारायची. देवीचे वण बुजवायचे, मिटलेले डोळे उघडायचे. कॅमेऱ्याला मात्र तिनं हात लावायचा नाही, तो अप्पांचा मान. लग्न झालं, नवरा व्यंकटी. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत शिपाई भरले, त्यात व्यंकटी लागला. शनिवारी घरी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जायचा. गुणाबाई म्हणायची, सरकारनं जिल्हा केला तो खास मला पाच दिवस निवांतपणा मिळावा म्हणून.

खोड मात्र गेली नाही. बाजारातला एक आडत्या सगळ्यांशी फार मस्तीत बोलायचा. त्याचा मोठा फोटो काढला, तेव्हा तिनं त्याच्या फेट्यावर एक माशी रंगवली. एवढीशीच, पण पाय मोजून सहा. फोटो त्याच्या आडतीच्या दुकानात गादीच्या वर टांगला गेला आणि आडत्या पुढचं वर्षभर उपरण्यानं त्या माशीला हुसकत राहिला. अप्पांना ती गोष्ट कळली तेव्हा ते डार्करूममध्ये जाऊन हसले, कारण गिऱ्हाइकांसमोर हसायचं नाही असा त्यांचा नेम होता. कामावर असताना सिद्रामप्पा हसत नाहीत, आणि सिद्रामप्पांचा हात हलत नाही, या दोन गोष्टी ते स्वतःच चारचौघांत सांगत असत.

त्या दोन्ही एकदमच खोट्या पडल्या त्या शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. बोअर कोरडे, नाले कोरडे, कडबा डोळ्याला दिसेना. देवणीच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली. मागच्या खेपेला म्हणे लोक येताना एक जनावर घेऊन आले आणि जाताना दुसरंच घेऊन गेले. म्हणून या वेळी नव्या साहेबांनी नवा हुकूम काढला, आत येणाऱ्या प्रत्येक बैलाचा आणि गाईचा फोटो रजिस्टरला चिकटवायचा. साहेब नायब तहसीलदार होते, तरुण होते, आणि जिल्हा नवा असल्यामुळे सगळंच नव्यानं करून बघायची त्यांना हौस होती. फोटोचं काम अप्पांना मिळालं.

छावणीच्या तोंडाशी ‘चारा छावणी’ असा मोठ्या अक्षरांचा पत्र्याचा बोर्ड होता. बोर्डासमोर चुन्यानं दोन रेघा आखल्या होत्या. एका रेघेवर जनावर उभं करायचं, दुसरीवर अप्पांनी उभं राहायचं. अप्पांच्या स्टँडचा एक पाय त्याच आठवड्यात मोडला होता, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचा कॅमेरा जुन्या धाटणीचा, पेटीसारखा. गळ्यात अडकवायचा, पोटाशी धरायचा आणि वरून आत डोकावून बघायचं. “माझं पोटच स्टँड हाय,” ते म्हणायचे. नोंदी लिहायला म्हणून गुणाबाई मागं उभी असायची.

त्या संध्याकाळी दिवस कलला होता. उजेड कमी म्हणून अप्पांनी कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा राहील असा लावला. रेघेवर रत्नम्माचा बैल आला. रत्नम्मा देवणीजवळच्या एका खेड्यातली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, चार एकर जमीन आणि हा बैल. देवणी जातीचा शेवरा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला. चारा नसला तरी ऐट गेलेली नव्हती. मान वर करून, ओठ खाली पाडून, समोरच्याकडे तुच्छतेनं बघत तो असा थांबला की जणू ही छावणी त्याच्याच मालकीची.

स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर अप्पांच्या सासऱ्यांचा मोठा फोटो होता. गुणाबाईनंच तो रंगवला होता. तिनं एकदा बैलाकडे बघितलं, आणि अप्पांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाली, “अप्पा, तुमचे सासरे हितं कवा आले?”

अप्पांनी दात आवळले. चेहरा दगडासारखा ठेवला. पण चेहरा आवरला तरी पोट कुणाचं ऐकतं? ते एकदा वर उडालं, थांबलं आणि खाली आलं, आणि नेमकं त्याच वेळी बोटानं खटका दाबला गेला. मागच्या गाईचा फोटो नीट आला. तिच्या मागच्या म्हशीचाही नीट आला. बैलाचा तेवढा हलला.

रोल धुताना गुणाबाईला ते दिसलं. बोर्डावरचं प्रत्येक अक्षर दोन-दोनदा उमटलेलं, बैल धुक्यातून आल्यासारखा. एवढ्या शेकडो जनावरांत कोण बघतंय, असं म्हणून तिनं तो तसाच रजिस्टरला चिकटवून टाकला. अप्पांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नम्माच्या मोठ्या दिराचा, महादेवप्पाचा बैल छावणीत आला. दोन्ही बैल एकाच गाईचे, वर्षाच्या अंतरानं झालेले, दोन्ही शेवरे. त्या दिवशी अप्पांचे रोल संपले होते, म्हणून रजिस्टरला नुसतं लिहिलं, ‘शेवरा बैल, एक’. दोघांच्या गळ्यात नंबराचे बिल्ले बांधले होते, पण उपाशी जनावरांनी एकमेकांच्या गळ्यातल्या दोऱ्या चावून खाल्ल्या आणि बिल्ले शेणात गेले.

मे महिन्यात त्या दोघांतला एक बैल पोट फुगून मेला. सकाळी त्याला ओढून नेला, पुरला, आणि मग दुपारी दोघंही मालक आले. जिवंत राहिलेला बैल माझा, रत्नम्मा म्हणाली. माझा, महादेवप्पा म्हणाला.

महादेवप्पा तसा वाईट माणूस नव्हता, पण आपला बैल मेला आणि धाकट्या भावाच्या बायकोचा जगला, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. साहेबांनी बैलालाच विचारायचं ठरवलं. दोघांनी दोन बाजूंनी हाका मारल्या. बैल दोघांकडेही गेला नाही, पलीकडे एक बाई उसाचे वाढे टाकत होती तिच्याकडे गेला. गावातल्या चार जणांना विचारलं तर ते म्हणाले, “दोन्ही सारकेच होते साहेब, आमी काय त्यांचे ठिपके मोजलेत?” पेरणीला महादेवप्पाची औतं सगळ्यांनाच लागायची.

मग रजिस्टर उघडलं गेलं. हललेला फोटो बघून साहेबांचा चेहरा पडला. महादेवप्पानं मात्र चष्मा लावून नीट बघितलं आणि फोटोवर बोट ठेवलं.

“साहेब, फोटूतल्या बैलाच्या बरगडीवर ठिपके किती? एकाखाली एक, दोन. आन ह्या जित्या बैलाच्या बरगडीवर? एक. मंजी रत्नम्मानं आणला तो बैल दोन ठिपक्यांचा होता. तो मेला. हा माजा.”

सगळ्यांनी बैलाची बरगडी बघितली. ठिपका एकच होता. साहेबांनी तीन दिवसांनी निकाल देतो म्हणून सांगितलं.

रत्नम्मा तिथून उठली ती थेट स्टुडिओत आली. खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली.

“गुणव्वा, मी त्याला वासरू होता तवापासून पोटाशी धरलंय. मला त्याचा ठिपका कळत न्हाई होय? तुमच्या फोटूनं दोन कुटून आनले?”

गुणाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. रत्नम्मा गेल्यावर ती म्हणाली, “अप्पा, हे आपल्या दोघांचं पाप हाय. मी बोलले आन तुमी हसले.”

“मी हसलो न्हाई,” अप्पा म्हणाले. “कॅमेऱ्यात दोष असंल.”

“दोष पोटात होता,” गुणाबाई म्हणाली आणि डार्करूममध्ये गेली.

तिनं बैलाची निगेटिव्ह शोधून काढली आणि भिंगाखाली धरली. बोर्डाच्या चार कोपऱ्यांना चार खिळे होते, त्यांच्या टोप्या उतरत्या उन्हात चमकत होत्या. नीट आलेल्या फोटोत तो नुसता एक-एक ठिपका. हललेल्या फोटोत मात्र प्रत्येक खिळ्याची एक बारीक अळी झाली होती. वर एक गाठ, मध्ये दोरा, खाली दुसरी गाठ. तिनं पहिल्या खिळ्याची अळी बघितली, दुसऱ्याची बघितली, चारी बघितल्या. चारही एकाच साच्यातल्या. मग तिनं बैलाचा डोळा शोधला. डोळ्यातली चमक होती तिथंही तीच अळी. म्हणजे बैल हललाच नव्हता. सगळं चित्र मिळून एकदम, एकाच वाटेनं सरकलं होतं, अप्पांच्या पोटाच्या वाटेनं.

ती अळी म्हणजे त्या हसण्याचा नकाशा होता. कॅमेरा वर गेला की चित्र खाली सरकतं, म्हणून पोट वर जाऊन थांबलं ती खालची गाठ, खाली यायला लागलं तो दोरा, खाली येऊन टेकलं ती वरची गाठ. आता तिला एवढंच करून बघायचं होतं, की चांगला फोटो ह्याच वाटेनं हलवला तर त्याचा असाच वाईट फोटो होतो का.

बोर्ड दोन्हींत होता, हीच सोय. बैलानंतरच्या गाईच्या फोटोत तो स्वच्छ होता, बैलाच्या फोटोत हललेला. गुणाबाईनं गाईची निगेटिव्ह एनलार्जरला लावली. एनलार्जर म्हणजे निगेटिव्हमधून उजेड खाली सोडून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र. रोज ती उजेड सोडायची, दहा मोजायची आणि बंद करायची. आज तिनं कागदाखाली चौकड्यांचा आलेख कागद पसरला. त्यावर पेन्सिलीनं ती अळी मोठी करून काढली, आणि तिच्यावर सात खुणा केल्या. मग पहिल्या खुणेवर कागद ठेवून थोडा उजेड, बंद; दुसऱ्या खुणेवर सरकवून थोडा, बंद; असं सातही ठिकाणी. एक गोष्ट तिला आधीच माहीत होती, सगळं मिळून मोजायचे ते दहाच. त्याच्यावर गेलं की कागद काळा पडणार, कमी पडलं की फिका.

पण कुठल्या खुणेवर किती मोजायचं, हे अळीवरून नीट कळत नव्हतं. खिळे इतके चमकत होते की दोन्ही गाठी सारख्याच पांढऱ्याफेक दिसायच्या. तिनं दोन्हींना चार-चार दिले आणि उरलेले दोन दोऱ्याला. फोटो धुऊन हललेल्या फोटोशेजारी ठेवला. अक्षरं दोन-दोन झाली होती खरी, पण तिच्या फोटोत दोन्ही सारखी गडद, आणि अप्पांच्या फोटोत खालचं गडद, वरचं फिकं. म्हणजे पोट वरच जास्त वेळ थांबलं होतं. तिनं खालच्या गाठीला सहा केले, वरच्या गाठीला तीन, दोऱ्याला एक. जवळ आलं. मग ‘छ’ची गाठ थोडी डावीकडे पडत होती म्हणून खालची खूण एक चौकडी उजवीकडे नेली.

बाहेरून अप्पांचा आवाज आला, “काय करून राहिली गं आत? कागद संपत चाललाय.”

“तुमचं हसू मोजून राहिले. साडेपाच वर, तीन खाली.”

अकरावा कागद पाण्यातून बाहेर काढला आणि तिनं तो शेजारी धरला. अगदी तंतोतंत नव्हता, पांढरा भाग जरा जास्तच पांढरा होता. पण ‘चारा छावणी’ची पाचही अक्षरं अशी हलली होती की एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. तरी तिचं समाधान झालं नाही. बोर्डाकडे बघून खुणा लावल्या, तर बोर्ड जुळणारच. म्हणून तिनं दोन्ही फोटोंत आलेला गव्हाणीचा काठ ताडून बघितला, ज्याच्याकडे आतापर्यंत तिनं लक्षच दिलं नव्हतं. तोही जुळला. तेव्हा कुठं तिनं हात पुसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड तसाच असताना, तिनं अप्पांना छावणीत नेलं. जिवंत बैल त्याच रेघेवर, अप्पा त्यांच्या रेघेवर. ती स्वतः मुद्दाम वीस पावलं लांब, तोंडाला पदर लावून उभी राहिली. फोटो लख्ख आला. बरगडीवर ठिपका एक.

तिसऱ्या दिवशी दुपारी छावणीच्या मांडवात सगळे जमले. साहेबांच्या टेबलावर गुणाबाईनं आधी बोर्डाचे दोन फोटो ठेवले.

“साहेब, आधी वाचा. ह्या छावणीला बोर्ड किती?”

“एक.”

“ह्या हललेल्या फोटूत किती दिसतात?”

साहेबांनी बघितलं. अक्षरांवर अक्षरं होती. “दोन,” ते म्हणाले.

“मंग बोर्ड दोन होते का? न्हाई. कॅमेरा वर थांबला, मंग खाली थांबला. एकाचे दोन झाले. ठिपक्याचंबी तेच झालं.” तिनं जिवंत बैलाचा स्वच्छ फोटो पुढे सरकवला. “हा काल काढला. ठिपका एक. आता ह्यालाच मी अप्पांच्या हिशोबानं हलवलाय, बगा.” तिनं आणखी एक फोटो ठेवला. त्यात बरगडीवर एकाखाली एक दोन ठिपके होते, खालचा गडद, वरचा फिका. शेजारी रजिस्टरातला फोटो होता. साहेबांनी नाक टेबलाला लागेपर्यंत वाकून दोन्ही बघितले. खांद्यावरचा डाग, मानेवरचा पट्टा, मागच्या पायाचा काळा मोजा, सगळं एकासारखं एक हललेलं.

महादेवप्पा चष्मा पुसत म्हणाला, “दोन ठिपक्यांचा बैल असता तरी फोटूत दोनच दिसले असते की.”

“न्हाई दादा,” गुणाबाई म्हणाली, “तवा चार दिसले असते.”

मांडवात मागं कुणीतरी फस्सकन हसलं. महादेवप्पानं बोटांवर एकदा मोजून बघितलं, हिशोब बरोबर निघाला. पण माणूस हुशार, त्यानं दुसरीकडून धरलं.

“बरं, कॅमेरा हलला म्हणता. सारं उदगीर सांगतंय, सिद्रामप्पाचा हात हलत न्हाई. मंग त्याच बैलाला कसा हलला? ह्यात काईतरी बनवाबनवी हाय. अप्पानं सांगावं.”

साहेबांनी अप्पांकडे बघितलं. “का हलला कॅमेरा? जबानीत लिहावं लागेल.”

अप्पांच्या कपाळाची विभूती घामानं ओली झाली. खरं सांगावं तर उद्या ते उदगीरभर होणार, आणि उदगीरभर झालं म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उमादेवीच्या कानावर जाणार. वडिलांच्या बाबतीत उमादेवी फार हळवी होती. दर सोमवारी ती स्टुडिओत येऊन त्या फोटोला हार घालायची.

“शिंक आली,” अप्पा म्हणाले.

साहेब लिहायला लागले. गुणाबाईला राहवलं नाही. एरवी तिनं सोडून दिलं असतं, पण समोर रत्नम्मा बसली होती, आणि जबानीत खोटं गेलं तर महादेवप्पा पुढं तेच धरून बसणार हे तिला दिसत होतं.

“साहेब, शिंकेला माणूस खाली वाकतो. हितं कॅमेरा वरच जास्त वेळ थांबलाय.” तिनं अळीचा आलेख टेबलावर ठेवला. “शिंक अशी न्हाई येत.”

“मग काय आलं?” साहेबांनी विचारलं.

अप्पांनी गुणाबाईकडे बघितलं. त्या नजरेत वीस वर्षांची नोकरी, माफी आणि दम हे तिन्ही होतं. मग त्यांनी रत्नम्माकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. अप्पांनी एक मोठा श्वास घेतला.

“हसू आलं, साहेब.”

“कशाचं?”

“हा बैल...” अप्पा थांबले. “हा बैल आमच्या सासऱ्यांसारखा दिसतो, असं ही बाई मला मनाली. आन दिसतो बी.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अप्पांचे सासरे बघितले नव्हते, पण बैलाकडे मान वळवून बघितलं. बैल ओठ पाडून, मान वर करून मांडवाकडेच बघत होता. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. महादेवप्पा अप्पांच्या सासऱ्यांना चांगला ओळखत होता. तोंड वाकडं होऊ नये म्हणून त्यानं खूप प्रयत्न केला, पण त्याच्या खांद्यांनी त्याला दगा दिला. सगळ्यात आधी तोच मोठ्यानं हसला.

हसून झाल्यावर त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग रत्नम्माला म्हणाला, “ने तुजा बैल. माजा गेला, हे मला पटत नव्हतं.”

जबानीत साहेबांनी शेवटी काय लिहिलं ते कुणी वाचलं नाही. बैल रत्नम्माच्या नावावर कायम झाला. निघताना ती दिराजवळ थांबली. मोठ्या दिराशी ती सहसा डोळे वर करून बोलत नसे. “भावजी, एका बैलानं औत चालत न्हाई. तुमचा दुसरा अन् माजा हा, दोन्ही मिळून पेरू. आधी तुमचं रान, मंग माजं.” महादेवप्पानं नुसती मान हलवली. त्या वर्षी, आणि पुढची कित्येक वर्षं, दोघांची पेरणी तशीच सावडीनं झाली.

उमादेवीला ती गोष्ट संध्याकाळच्या आत कळली. अप्पा घरी गेले तेव्हा तिनं ताट वाढलं. जेवण झाल्यावर म्हणाली, “उद्या मला छावणीत घेऊन चला.” दुसऱ्या दिवशी ती सकाळी बैलासमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. बराच वेळ बघून झाल्यावर तिनं पिशवीतून गुळाचा खडा काढला, बैलाच्या तोंडात दिला आणि अप्पांकडे वळून म्हणाली, “कान तेवढे येगळे हायेत.”

गुणाबाईवरचा राग मात्र अप्पांनी आठवडाभर धरला. आठव्या दिवशी त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या गळ्यात घातला.

“हे काय अप्पा?”

“तू माज्या मागं उभी राहिली की माजा फोटू हलतो. आता तू पुढं राहा, मी मागं राहतो. बगू तुजा हात कसा स्थिर राहतो ते.”

गुणाबाईनं कॅमेरा पोटाशी धरून आत बघितलं. वीस वर्षं तिनं लोकांनी काढलेलंच बघितलं होतं. सगळं उलट दिसत होतं, डावं उजवीकडं. तिनं दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट टेकवली.

छावणी मोडली आणि लोक आपापली जनावरं घेऊन गावाकडं निघाले, त्या दिवशी रत्नम्मा बैल घेऊन थेट स्टुडिओवर आली. तिला बैलासोबत फोटो पाहिजे होता, हललेला नको, आणि काढायचा तो गुणव्वानंच. बैल काही दुकानाच्या पायऱ्या चढेना. म्हणून त्याला रस्त्याच्या मधोमध उभा केला. मागून निलंग्याची एस.टी. आली आणि थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कंडक्टर खाली उतरला. अप्पा दोन्ही हात पसरून बसच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, “जरा दमा. बाई फोटू काढून राहिली.”

रत्नम्मानं पदर नीट केला, एक हात बैलाच्या पाठीवर ठेवला. कंडक्टर काहीतरी बोलत होता, खिडक्यांतून लोकांनी मुंडकी बाहेर काढली होती. गुणाबाईनं श्वास रोखला आणि खटका दाबला.